ब्रेकर पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही

वाचकहो, फराळ आणि फटाक्यांच्या अंकात ओहमचा नियम कशाला, असं तुम्हाला वाटेल. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जे झालं त्यानंतर मला मात्र हे लिहिणं भाग वाटतं.

चहाचा मोठा अर्न १५०० वॉटचा. शेजारी जेवण गरम ठेवायचे दोन वॉर्मर, प्रत्येकी ६०० वॉटचे. तिन्ही एकाच सर्किटवर होते. नाटकाचा पहिला अंक संपता संपता ब्रेकर पडला. कुणीतरी म्हणालं, "एक्स्टेंशन आहे का? पलीकडच्या भिंतीवरून घेऊ." पन्नास फुटी पांढरी वायर सापडली. अर्न आणि एक वॉर्मर तिच्यावर गेले आणि चहा पुन्हा उकळू लागला. अर्ध्या तासाने मी सहज प्लगला हात लावला, तर चटका बसला. वायरचं उरलेलं वेटोळं गालिच्याखाली सारलेलं होतं, तेही तापलेलं. अनर्थ झाला नाही, हे आपलं नशीब.

ती वायर शोधून आणून देणारा मीच होतो. जन्मभर हा विषय शिकवला, आणि वेळ आली तेव्हा साधा भागाकार केला नाही. म्हणून आज तो तुमच्यासमोर करतो.

इथे अमेरिकेत भिंतीत साधारण १२० व्होल्ट असतात. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. तिन्ही उपकरणांचे मिळून २७०० वॉट, भागिले १२०, म्हणजे २२.५ अँपिअर. हॉलचं सर्किट २० अँपिअरचं. भार थोडासाच जास्त असला तर ब्रेकर लगेच पडत नाही, काही वेळ सोसतो. म्हणून आपल्याला वाटतं, "आत्तापर्यंत तर चालत होतं!"

आता एक्स्टेंशनचा हिशोब. १५०० अधिक ६०० म्हणजे २१०० वॉट, म्हणजेच १७.५ अँपिअर. त्या वायरवर १३ अँपिअर असं छापलेलं होतं. पण ब्रेकर २० चा, मग तो पडेल कशाला? ब्रेकर भिंतीतल्या वायरिंगचा राखणदार आहे. तुम्ही गॅरेजमधून आणलेली बारीक वायर त्याला दिसत नाही. १३ आणि २० यांच्या मधली जागा ही आपली धोक्याची जागा, आणि तिथे राखण करायला आपल्या डोक्याशिवाय कुणी नाही.

उष्णता किती झाली? पन्नास फुटांच्या तशा वायरचा, जाण्यायेण्याचा मिळून, रोध साधारण ०.४ ओहम. उष्णतेची शक्ती म्हणजे विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध. १७.५ चा वर्ग सुमारे ३०६, गुणिले ०.४, म्हणजे १२० वॉटच्या वर. जुन्या शंभर वॉटच्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना हा आकडा समजेल. मोकळ्या पसरलेल्या वायरीतून ही उष्णता हवेत जाते. वेटोळं करून गालिच्याखाली कोंडली तर जाणार कुठे?

सैल प्लगचं तर आणखी वाईट. ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम जरी धरला, तरी तेवढ्याच धारेला ३० वॉट होतात. लहान सोल्डरिंग आयर्न याहून कमी वॉटचं मिळतं. म्हणजे आपण प्लास्टिकच्या प्लगमध्ये सोल्डरिंग आयर्न लावून नाटक बघत बसलो होतो.

जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या कोलोनचा शाळामास्तर. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने मोजमापं घेतली आणि १८२७ साली पुस्तक काढलं. सुरुवातीला त्याचं स्वागत थंडच झालं. रॉयल सोसायटीचं कोपली पदक १८४१ साली मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं: व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी हे सूत्र परीक्षेत लिहिलंय आणि मुलांनी तर नुकतंच लिहिलंय. पाठ सगळ्यांना आहे, पण प्लग लावताना आठवत कुणालाच नाही.

हाच नियम तुमच्या सूटकेसमध्येही आहे. इथली १२०० वॉटची इस्त्री १० अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध १२ ओहम. ती पुण्याला मावशीला भेट दिली आणि तिने २३० व्होल्टला लावली, तर रोध तोच धरून ४४०० वॉट होतात. इस्त्री क्षणात जळते. उलट तिकडची १००० वॉटची इस्त्री इथे जेमतेम २७० वॉट देते आणि कोमटच राहते. व्होल्ट दुप्पट झाले की शक्ती चौपट होते, हे भेटवस्तू घेताना लक्षात असू द्या.

कुणी म्हणेल, हे हॉलवाल्यांनी बघायचं. पण आपण काय काय लावणार हे त्यांना कुठे ठाऊक असतं? आणि "आपल्यात सगळे इंजिनीअरच आहेत" हे तर मला मुळीच पटत नाही. ती वायर उचलून आणणारा माणूसही डॉक्टरेटवालाच होता!

माझं मत स्पष्ट आहे. कार्यक्रमाआधी मंडळाने प्रत्येक उपकरणाचे वॉट कागदावर लिहावेत आणि सर्किटनिहाय बेरीज करावी. तास-दोन तासांहून अधिक चालणारा भार २० च्या सर्किटवर १६ अँपिअरच्या पुढे नेऊ नये. अर्न आणि वॉर्मर एक्स्टेंशनवर लावूच नयेत. आणि ही बेरीज आपल्या हायस्कूलच्या मुलामुलींकडे सोपवावी. आपण मोठी माणसं "चालतंय की" म्हणतो. ती आकडा बघून "नाही" म्हणतील. तेव्हा त्यांचं ऐकायचं.

मुलांनो, हे मराठी जड गेलं तर आजीला वाचून दाखवायला सांगा. भागाकार मात्र तुम्ही करा. आज रात्री घरातल्या आकाशकंदिलाच्या आणि माळांच्या वायरीपासून सुरुवात करा, आणि प्लग सैल आहे का तेही बघा.

शुभ दीपावली.