इनपुट काय दिले होते?

आमच्या वाचकांत इंजिनिअरिंगला असलेली मुले-मुली बरीच आहेत. कॉम्प्युटरबद्दल विचारणारे रोज भेटतात, सिव्हिल-मेकॅनिकलबद्दल विचारणारेही भेटतात. कंट्रोल सिस्टीमबद्दल विचारणारा वर्षातून एखादाच. लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि बोडे प्लॉट घोकून पेपर द्यायचा, सुटलो म्हणायचे आणि पुस्तक जुन्या बाजारात विकून टाकायचे, अशी या विषयाची आपल्याकडची कथा. तरीही या वेळचे संपादकीय मी त्यावरच लिहीत आहे. त्यातली सिस्टीम आयडेंटिफिकेशन ही शाखा आपल्या शहराला आणि आपल्या समाजाला फार कामाची आहे, असे माझे मत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे सूत रंगवणारे कारखाने आहेत. रंगाच्या मशीनमध्ये वाफ सोडली की तापमान वाढते. व्हॉल्व्ह इतका उघडला तर किती वाढेल, वाढायला कधी लागेल, कुठे जाऊन थांबेल, हे तिथला जुना ऑपरेटर बिनचूक सांगतो. त्याने मशीनच्या आतली उष्णतेची समीकरणे कधी पाहिलेली नसतात. आत काय सोडले आणि बाहेर काय आले, एवढेच त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. हेच काम नोंदी ठेवून, गणिताने आणि चुकीचा अंदाज किती तेही सांगून करणे म्हणजे सिस्टीम आयडेंटिफिकेशन. १९५६ साली या प्रश्नाला हे नाव देणारा लेख लिहिला लोत्फी झादे यांनी. बाकूत जन्मलेला, तेहरानच्या विद्यापीठात इंजिनिअर झालेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला हा माणूस फझी लॉजिकचा जनक म्हणून तुम्हाला ठाऊक असेल.

इथे थोडे थांबून बोलतो. दर शुक्रवारी आपल्या ग्रुपवर अल-जझारीची चित्रे फिरतात. १२०६ साली त्याने पुरा केलेला यंत्रांचा ग्रंथ खरोखरच थोर आहे. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, बगदादच्या बनू मूसा भावांनी पाण्याची पातळी आपोआप सांभाळणारे तरंगते व्हॉल्व्ह वापरले होते. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट त्याच जातीचा. पण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजण आज त्या विद्येत काम करतात? इल्मचा वारसा स्क्रीनशॉटने मिळत नाही.

आता आपल्या राज्यातले उदाहरण. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी २००७ साली डिजिटल कंट्रोलवर पुस्तक लिहिले. त्यांच्या गटाने 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम' नावाचे एक उपकरण तयार केले. टेबलाच्या कोपऱ्यात मावणारे आहे ते: एक स्टीलची पट्टी, तिला तापवणारी कॉइल, थंड करणारा कॉम्प्युटरमधला असतो तसा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. सॉफ्टवेअर सायलॅब, म्हणजे फुकट. पुढे त्यांनी ही उपकरणे इंटरनेटला जोडून दूरच्या विद्यार्थ्यांनाही वापरता येतील अशी सोय केली. महागडी प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजातली मुलगी घरी बसून मुंबईतल्या पट्टीवर प्रयोग करू शकते, यासारखी समतेची गोष्ट मला तरी तंत्रशिक्षणात क्वचित दिसली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअर शिकवणारा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पही याच प्राध्यापकांनी उभा केला.

त्या पट्टीवर करायचा पहिला प्रयोग सोपा आहे. हीटर एका पातळीवर स्थिर ठेवायचा आणि मग एकदम दहा टक्क्यांनी वाढवायचा. समजा तापमान हळूहळू चढत चार अंशांनी वाढून स्थिरावले, तर एका टक्क्याला ०.४ अंश, हा झाला गेन. एकूण वाढीपैकी ६३ टक्के वाढ व्हायला लागलेला वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट. बटण दाबल्यापासून तापमान हलायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे डेड टाइम. तीन आकडे मिळाले की पट्टी पुढे कशी वागेल ते बऱ्यापैकी सांगता येते.

पण या विद्येतला खरा धडा पुढे आहे. हीटर हलवलाच नाही, एकाच पातळीवर ठेवला आणि दिवसभर नोंदी घेतल्या, तर हजारो आकडे जमतील आणि त्यांतून पट्टीबद्दल जवळजवळ काहीच कळणार नाही. इनपुट पुरेसे आणि वेगवेगळ्या तऱ्हेने हलले पाहिजे. याला पर्सिस्टंट एक्सायटेशन म्हणतात. इनपुट न देता 'ही सिस्टीम काही प्रतिसाद देत नाही' असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास होतो.

समाजाबद्दल असाच निष्कर्ष काढणारे मात्र टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसतात. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा गळाली होती. नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तरला ५० मागे एक. हे आऊटपुट झाले. ते वाचून 'यांना शिकायचेच नाही' म्हणणारे होते, आजही आहेत. त्याच अहवालात शाळा किती लांब, बँकेचे कर्ज किती मिळते, वस्तीत सोयी काय, हेही मांडलेले आहे. ते इनपुट. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय मॉडेल बनत नाही. आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. 'आमच्यावर अन्याय होतो' हे वाक्य नोंदीशिवाय म्हटले की तेही एका रकान्याचेच मॉडेल.

दुसरा धडा याहून अवघड आहे. एखाद्या खोलीत चांगला थर्मोस्टॅट आहे. बाहेर कडाक्याची थंडी असो वा ऊन, आत कायम २४ अंश. फक्त हीटरची वीज आणि खोलीचे तापमान या दोन रकान्यांकडे पाहिले, तर हीटर कमी-जास्त होतो आणि तापमान हलत नाही. अनाडी माणूस म्हणेल, हीटरचा काही उपयोगच नाही. कंट्रोलर जितका चांगला, तितका आऊटपुट सपाट आणि तितके आतले कष्ट अदृश्य. बंद वळणात चालू असलेली यंत्रणा ओळखताना म्हणूनच आऊटपुटबरोबर कंट्रोलर किती राबतोय तेही मोजावे लागते.

सोलापूरकराला हे समजायला पुस्तक नको. उजनी धरण शहरापासून शंभर किलोमीटरहून लांब. थोडे पाणी जलवाहिनीतून येते, थोडे भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत सोडले जाते. पात्रात सोडलेले पाणी पोहोचायला कित्येक दिवस लागतात. हा आपल्या शहराचा डेड टाइम. बंधारा आटल्यावर पाणी सोडायला सांगणारा उशीर करतो, कारण ते वाटेत असतानाही शहर पीतच असते. वर्षानुवर्षे नळाला तीन, चार, पाच दिवसांआड पाणी आले. तरी 'पाण्यावाचून किती घरे राहिली?' असे विचारले तर उत्तर येते, कोणीच नाही. घराघरात ड्रम भरलेले असतात. विजापूर वेशीत काय किंवा नई जिंदगीत काय, पाणी रात्री दोनला आले तर कोणीतरी दोनला उठते. ती बहुधा अम्मी असते, नाहीतर मोठी बहीण, जिचा सकाळी पेपर असतो. घरातले पाणी सपाट रेषेत राहते, कारण कंट्रोलर ती आहे. तिची झोप कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाही.

म्हणून तक्रार करताना 'पाणी कमी येते' एवढ्यावर थांबू नका. तेवढ्याला कार्यालयात ठरलेले उत्तर असते: सरासरी पुरवठा ठीक आहे. त्या सरासरीत किती मिनिटे, किती वाजता आणि कोणाच्या जिवावर, हे नसते. ते आपण भरायचे आहे.

ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी वाट आहे. आयआयटी मुंबईत सिस्टीम्स अँड कंट्रोलमध्ये एम.टेक. आणि पीएच.डी. करता येते, एम.टेक.चा दरवाजा गेटमधून उघडतो. आयआयटी मद्रासचे अरुण तंगिराला यांचे सिस्टीम आयडेंटिफिकेशनवरचे व्याख्यान एनपीटेलवर फुकट आहे. लेनार्ट ल्युंग यांचे १९८७चे पुस्तक जड वाटेल, पण पहिले काही धडे जमतात. सोलापूर जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत. तिथल्या पॅनवर, बॉयलरवर हीच विद्या रोज भाकरी कमावते, आणि तिथे इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून राबणारी आपली अनेक मुले तिचा गणिती भाग शिकली तर पगार आणि पद दोन्ही बदलतील.

बाकीच्यांसाठी एक वही पुरे. नळ आला ती तारीख आणि वेळ, बंद झाला ती वेळ, पंधरा लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद, आणि चौथ्या रकान्यात पाणी भरायला कोण उठले ते. मोटर लावून भरले तर तसे लिहा, नाहीतर शेजारच्या घराशी तुलना चुकेल. पाणी ज्या दिवशी यायला हवे होते आणि आले नाही, त्या दिवसाचीही ओळ लिहा. निदान वीस घरांच्या तीन महिन्यांच्या वह्या जमल्या, की धरणातून पाणी सोडल्याच्या तारखा माहितीच्या अधिकारात मागवू आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवून याच पानावर छापू.