दिवाळीत धायटीला कात्री लावू नका

माघ-फाल्गुनात घाटरस्त्यानं जाताना मुरमाड दरडीवर लालभडक फुलांनी लगडलेलं झुडूप तुम्ही पाहिलं असणारच. तीच धायटी. यंदा पावसाळ्यात बागेत एखादं फुलझाड लावायचं मनात असेल, तर हिचा विचार करा. फुलपाखरं येतात म्हणून हौसेनं घाणेरी लावणारे पुष्कळ आहेत. ती अमेरिका खंडातून आलेली. तिच्या बिया पक्षी रानात नेऊन टाकतात आणि डोंगरच्या डोंगर तिच्या घशात जातात. धायटी इथलीच, मेंदीच्या कुळातली.

फूल हातात घेऊन पाहा. लाल दिसते ती पाकळी नव्हे, निदलपुंजाची नळी. खऱ्या पाकळ्या इवल्याशा, शोधाव्या लागतात. नळीच्या तळाशी मध असतो आणि त्यासाठी शिंजीर सकाळपासून फांद्यांना लोंबकळतात. वैद्य हीच फुलं धातकी म्हणून आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात.

रानातून रोप उपटून आणू नका. मुळं दुखावली की ते बहुधा जगत नाही, आणि अभयारण्यातून उपटणं तर गुन्हाच. देशी झाडांच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. नाहीतर उन्हाळ्यात सुकलेली बोंडं थोडीशी आणा. बी भुकटीसारखं बारीक असतं, ते मातीत पुरू नका. ओलसर मातीवर नुसतं भुरभुरवा आणि पाणी फवाऱ्यानं द्या. झारीच्या धारेनं सगळं वाहून जाईल.

जागा भरपूर उन्हाची हवी. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर मुरूम घालून उंचवटा करा. झुडूप पुरुषभर वाढतं, फांद्या कमानीसारख्या झुकतात, म्हणून भिंतीपासून पाच-सहा फूट सोडा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाणी द्या, पुढं फारसं लागत नाही. खताचा मारा करणाऱ्यांना नुसता पालाच मिळतो.

आता मुख्य गोष्ट. फुलं येतात ती आदल्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. सोसायटीचा माळी दिवाळीआधी सगळ्या कुंपणासोबत हिलाही चौकोनी कापतो, आणि मग ‘ही फुलतच नाही’ म्हणून तक्रार होते. छाटणी करायचीच तर बहर संपल्यावर, पावसाच्या आत करा. आणि तेव्हाही दोन-चार फांद्या बियांसाठी ठेवा. शेजारी रोप मागायला येतीलच.