चोरदरवाजा

मागच्या महिन्यात मुंबईला गेलो होतो. ताईचा मुलगा तिथे नोकरीला आहे. संध्याकाळी म्हणाला, "मामा, चला, एक भारी जागा दाखवतो. बाहेर पाटीसुद्धा नाही." म्हटलं चला. (ताई, हे वाचत असशील तर पोराला रागावू नकोस, बिल त्याने भरलं पण आग्रह मीच फार मोडला नाही.)

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात शिरलो. समोर शिंप्याचं दुकान. दोन मशिनं, टांगलेला एक कोट, शिंपी मात्र नाही. भाच्याने तिथल्या पोराच्या कानात काहीतरी शब्द सांगितला, त्याने उभा आरसा ढकलला आणि आत बार! अर्धवट अंधार, जुनं इंग्रजी संगीत, आणि आपण काहीतरी मोठा गुन्हा करतोय अशा खुशीत बसलेली पंचवीस-तिशीतली मंडळी. मेनूत मोहाच्या दारूचं एक कॉकटेल होतं. तांब्याच्या पेल्यात, वर सुकवलेलं मोहाचं फूल. अकराशे रुपये, वर कर वेगळा.

आता दारू पिण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी स्वतः सोवळा नाही. माझं भांडण त्या आरशाशी आहे.

ही कल्पना अमेरिकेतली. तिथे 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हाचे हे चोरून चालणारे गुत्ते. दारूबंदी उठली, गुत्ते गेले, आणि साठ-सत्तर वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या हौशी लोकांनी ते नाटक म्हणून परत आणलं. 2007 मध्ये तिथे एक बार निघाला, त्यात शिरायचं तर शेजारच्या हॉटडॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमधून. मग दिल्लीत वसंत विहारला पीसीओ नावाचा बार आला, तिथेही फोनचा बूथ आणि गुप्त आकडा. आपल्या पिढीने पीसीओबाहेर रांगा लावल्या त्या घरी खुशाली कळवायला, असो.

न्यूयॉर्कवाल्यांचं एक वेळ समजू शकतो. त्यांच्या आजोबांची गोष्ट आहे, नातवंडांनी खेळ केला. पण महाराष्ट्रात हा खेळ कुणाचा? आमच्याकडे दारूबंदी आजोबांची गोष्ट नाहीच मुळी. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा मोरारजीभाईंच्या काळातला, तो साठच्या दशकात सैल झाला, रद्द कधीच झाला नाही. नाव बदलून तो आजही महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे. कायद्याने बघायला गेलं तर पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशीचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना! अकराशेच्या पेल्यासोबत पाच रुपयांचा कागद त्या बारमध्ये कुणी मागितला नाही, मीही दाखवला नाही. म्हणजे आरसा नसता तरी आम्ही चोरच होतो. चोराने चोराचं सोंग घ्यायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, याला काय म्हणावं?

आणि ते मोहाचं फूल. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे मोह म्हणजे देव, अन्न आणि औषध. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणून घरची भट्टी गुन्हा करून टाकली. 1892 मध्ये तर ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाचा कायदा केला, झाडाखाली पडलेली फुलं घरात ठेवायची चोरी झाली. ज्या माणसाच्या आज्याने त्या फुलापायी दंड भरला, मार खाल्ला, त्याचं फूल आता तांब्याच्या पेल्यावर तरंगतंय आणि लपाछपीची मजा भलताच कुणी घेतोय.

शहाद्याची आठवण इथे काढायलाच हवी. 1972-73 मध्ये, शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, भिल्ल बायका गावोगाव निघाल्या आणि त्यांनी दारूचे अड्डे शोधून मडकी फोडली. अड्डे लपलेले होते तरी बायकांना पत्ते पाठ होते. त्यांना कुणी गुप्त शब्द सांगितला नव्हता. नवऱ्याची मजुरी कुठे जाते हे बायकोला कळायला आरसा ढकलावा लागत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फार सीरियसली घेता. गंमत आहे फक्त." बरोबर आहे त्याचं. पण लपवण्यातली गंमत ज्याला परवडते त्यालाच ती गंमत असते. 2004 मध्ये विक्रोळीला, 2015 मध्ये मालवणीला विषारी दारूने माणसं मेली, मालवणीत शंभरावर. तीही पाटी नसलेल्या जागेतलीच दारू होती.

कुणी म्हणेल, मग दारूबंदी करा कडक. मुळीच नाही! वर्धा 1974 पासून कोरडं आहे म्हणतात, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठवावी लागली. आमच्या नवापूरच्या स्टेशनाचा निम्मा फलाट गुजरातेत आहे, निम्मा महाराष्ट्रात. बंदीची हद्द काय असते ते त्या फलाटावर उभं राहून बघावं. बंदी आली की दार मागच्या बाजूला जातं, एवढंच होतं. माझा राग मागच्या दारावरच आहे, मग ते सरकारने पाडलेलं असो की इंटिरियर डिझायनरने.

आता जे लिहिणार आहे ते घरच्यांना आवडणार नाही, पण लिहितो.

आमचे जिभाऊ धुळ्याला होते. वडिलांचे धाकटे भाऊ. उंच, गोरे, हिशेबाला पक्के, पोरांना आग्रा रोडवर नेऊन भजी खाऊ घालणारे. संध्याकाळी ते "शेतावर" जायचे. शेत होतं कुसुंब्याच्या बाजूला, आणि सायकल घरीच असायची. पण कुणी विचारायचं नाही. पाहुणे आले की आई म्हणायची शेतावर गेलेत, काकू म्हणायची शेतावर गेलेत, आणि पाहुणेही मान डोलवायचे. सगळ्या घराने मिळून एक आरसा उभा केला होता. ढकलायचा कुणी नाही, हा आमचा गुप्त शब्द.

1986 मध्ये पुण्याला मुक्तांगण सुरू झालं. धुळ्याहून पुणे एसटीने एका रात्रीचा प्रवास. पण नेणार कुणाला? शेतावर गेलेल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात नेता येत नाही. 1989 मध्ये ते गेले, बावन्नाव्या वर्षी. कावीळ झाली होती, असं सगळ्यांना सांगितलं. भाऊबंद आले, "काय व्हयनं जिभाऊले?" म्हणून विचारलं, आम्ही कावीळ म्हणालो. ते खोटंही नव्हतं, डोळे पिवळे झालेच होते.

त्या बारमधून निघताना भाच्याने विचारलं, "आवडलं ना?" मी हो म्हणालो. दादर येईपर्यंत गप्प होतो. मग त्याला जिभाऊंचं सांगितलं. त्याला फक्त कावीळच माहीत होती. ताई, तूही कधी बोलली नाहीस.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही, ती इथे लिहितो. मी अकरा वर्षांचा असेन. आजी घेरी येऊन पडली होती, आईने मला जिभाऊंना बोलवायला पाठवलं. "शेतावर" नाही, पांझरेच्या काठी पिठाच्या गिरणीमागे, असं तिने हळूच सांगितलं, म्हणजे पत्ता तिलाही पाठ होता. तिथे गोणपाटाचा पडदा होता. एक बाई बाहेर आली. "कोणाचा रे तू?" मी नाव सांगितलं. "इथं कोणी नाही आलं." पडद्याखाली जिभाऊंच्या चपला दिसत होत्या, डाव्या चपलेला त्यांनी तारेने शिवलेला अंगठा होता. मी चपलांकडे बघितलं, बाईकडे बघितलं, आणि घरी येऊन आईला सांगितलं, तिथे नाहीत.