नेटवर्क डम्प : लावून ठेवला, पण आजमावला का?

ऐंशीच्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या डेकसर्व्हर या टर्मिनल सर्व्हरला डिस्कच नसे. सुरू होताना तो आपले सॉफ्टवेअर इथरनेटवरून होस्टकडून उतरवून घेई आणि कोसळला की त्याच वाटेने आपली मेमरी होस्टकडे रवाना करी. मॉप या प्रोटोकॉलमध्ये तशी सोयच होती. म्हणजे कोसळलेल्या यंत्राची मेमरी केबलवरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची कल्पना चांगली जुनी आहे. तरीही आज कितीतरी सर्व्हर रूममध्ये ती कॉन्फिगरेशन फाइलीतल्या दोन-चार ओळींपुरती उरली आहे; कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या आणि नंतर कोणी आजमावून न पाहिलेल्या.

मेमरीचा हा डम्प स्थानिक डिस्कवरच का लिहू नये, असा प्रश्न येतो. ज्या रेड कंट्रोलरच्या ड्रायव्हरमुळे कर्नल पॅनिक झाला, त्याच ड्रायव्हरवर डम्प लिहिण्याची भिस्त ठेवावी लागते, हे एक कारण. डम्प उतरवायला वापरली जाणारी स्वॅपची जागा अनेकदा मेमरीपेक्षा लहान असते, हे दुसरे. शिवाय डिस्कविना बूट होणारी यंत्रे आहेतच. एसडी कार्डावरून चालणारे ईएसएक्सआय होस्ट वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी होते. त्यांच्यासाठी व्हीएमवेअरचा डम्प कलेक्टर यूडीपीच्या ६५०० पोर्टवर वाट पाहत बसतो.

हे काम करण्याच्या रीती मुख्यतः दोन. फ्रीबीएसडीचा नेटडम्प कोसळलेल्या कर्नलच्या आतूनच चालतो. त्याचे मूळ काम ड्यूक विद्यापीठात सुमारे २००० साली झाले. मूळ प्रणालीत तो आला २०१८च्या १२.० आवृत्तीत. पॅनिकनंतर इंटरप्ट बंद असतात, शेड्यूलर थांबलेला असतो, कोणते लॉक कोणाकडे अडकले आहे याचा भरवसा नसतो. अशा वेळी टीसीपी वापरणे शक्य नाही. म्हणून नेटडम्प आधीच बाजूला काढून ठेवलेले बफर वापरतो, नेटवर्क कार्डाला पोल करत राहतो, एआरपीची विचारणाही स्वतःच करतो आणि यूडीपीवर पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवतो. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये अशा पोलिंगची सोय नसेल, तर मात्र सगळे जागच्या जागी थांबते.

लिनक्सने दुसरी वाट धरली. रेड हॅटचा जुना नेटडम्प कोसळलेल्या कर्नलवरच विसंबून असे. २००५ साली २.६.१३ या कर्नलमध्ये केएक्झेक आणि केडम्प आले. राखून ठेवलेल्या मेमरीत एक छोटा कर्नल आधीच भरून ठेवलेला असतो. पहिला कोसळताच दुसरा तिथून उठतो, पहिल्याची मेमरी फाइलीसारखी वाचतो आणि एनएफएस किंवा एसएसएचवरून पाठवतो. धडधाकट कर्नल, पूर्ण नेटवर्क स्टॅक, एन्क्रिप्शनसुद्धा. ही रचना अधिक भरवशाची आहे, यात शंका नाही.

पण बिघडायला जागाही तिच्यातच जास्त. राखीव मेमरी नव्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला पुरत नाही आणि दुसरा कर्नल मेमरीअभावी स्वतःच मरतो. इंटरफेसचे नाव दुसऱ्या कर्नलमध्ये बदलते. डम्प सर्व्हर बदलला, त्याची होस्ट की बदलली, पण दुसऱ्या कर्नलचे इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधायचे राहून गेले. सगळ्यांत छळवादी अडचण स्विचवर असते. दुसरा कर्नल कार्ड नव्याने चालू करतो, लिंक क्षणभर पडून पुन्हा उठते आणि जुना स्पॅनिंग ट्री त्या पोर्टला लिसनिंग व लर्निंग या अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद अडवून धरतो. केडम्प तेवढा थांबला नाही तर सर्व्हर सापडत नाही आणि यंत्र मुकाट्याने रीबूट होते. स्विचच्या त्या पोर्टला पोर्टफास्ट लावले की हे टळते. पण सर्व्हर सांभाळणारा आणि स्विच सांभाळणारा एकमेकांशी बोलले तरच.

आकारमानाचा हिशोबही आधीच मांडलेला बरा. ५१२ जीबी मेमरी एक गिगाबिटच्या लिंकवरून जशीच्या तशी पाठवायची, तर सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. डम्प गाळणाऱ्या मेकडम्पफाइल या साधनाला ३१ ही पातळी दिली की शून्याने भरलेली, कॅशची, यूझर प्रोसेसची आणि मोकळी पाने गळतात आणि उरलेला डम्प बहुधा मूळ मेमरीच्या अगदी थोड्या हिश्श्यावर येतो.

यूझरची पाने गळली म्हणजे डम्प निर्धोक झाला, असा समज मात्र घातक आहे. कर्नलच्या सॉकेट बफरमध्ये ग्राहकांची माहिती असू शकते, डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या असू शकतात. फ्रीबीएसडीच्या नेटडम्प प्रोटोकॉलमध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही, त्यामुळे त्याला वेगळे, विश्वासाचे नेटवर्कच हवे. एक चांगला उपाय त्याच प्रणालीत आहे: डम्प एकदाच वापरायच्या किल्लीने बंद होतो आणि ती किल्ली सार्वजनिक किल्लीने; त्यामुळे उघडणारी खासगी किल्ली त्या यंत्रावर ठेवावीच लागत नाही. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. डम्प सर्व्हरची डिरेक्टरी सगळ्यांना वाचता येत असेल, तर ती त्या कक्षेबाहेर आहे असे कोणीही मानू नये.

चाचणीला पर्याय नाही. लिनक्सवर सिसआरक्यू ट्रिगरच्या फाइलीत ‘सी’ हे अक्षर लिहिले की कर्नल हुकमी कोसळतो. क्लस्टरमधल्या यंत्रावरचे काम आधी दुसरीकडे हलवावे, ते यंत्र पाडावे आणि डम्प पूर्ण पोचला का ते पाहावे. रेड हॅटच्या प्रणालीत अर्धवट फाइलीच्या नावाला ‘इनकम्प्लीट’ असे शेपूट राहते, ते नजरेतून सुटू देऊ नये. कर्नल, कार्डाचे फर्मवेअर किंवा स्विच बदलल्यावर ही चाचणी पुन्हा करावी. आणि आलेला डम्प क्रॅश या साधनात उघडूनही पाहावा, कारण त्याच बिल्डची डीबग चिन्हे जपली नसतील तर पोचलेला डम्पही वाचता येत नाही. ही चिन्हे असलेले डीबगइन्फो पॅकेज प्रत्येक कर्नल अपडेटबरोबर डम्प सर्व्हरवरच साठवण्याची सोय करून ठेवावी; जुन्या बिल्डचे पॅकेज नंतर रिपॉझिटरीत मिळेलच असे नाही.