ग्रीक शोकांतिका आणि घरातला पडदा

ग्रीक शोकांतिकेचा बोलपट करावयास निघालेला दिग्दर्शक पहिली कात्री लावतो ती वृंदाला. पंधरा माणसे मधेच उभी राहून गाणार, राजाला सल्ला देणार, देवाला आळवणार आणि तोवर कथानक जागचे हलणार नाही; हे आजच्या प्रेक्षकाला कसे सोसवेल, असे तो विचारतो. मराठी घरात तरी हा प्रश्न पडू नये. कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद उचलणारे टाळकरी आणि गोंधळ्याचा झीलकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सॉफोक्लीझचा वृंद परका वाटण्याचे कारण नाही.

आम्हा सीमेवरच्या मंडळींना ही चर्चा केवळ पंडितांची म्हणून सोडून देता येत नाही. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा मध्य प्रदेशात राहिले. घरातली मराठी राहिली. नाटक मात्र बहुधा नागपुरापाशीच थांबते. पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लीझला 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणले, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. ते रंगमंचावर पाहण्याचा योग लोधीखेड्यातल्या माणसाला कुठून यावा? त्याला शोकांतिका भेटली तर घरातल्या पडद्यावरच भेटणार. म्हणूनच ती पडद्यावर कशी उतरते, याची आम्हाला चाड असली पाहिजे.

परदेशांतल्या दिग्दर्शकांनी यात निरनिराळे मार्ग चोखाळले आहेत. टायरोन गथ्री याने १९५७ च्या चित्रपटात नटांचे मुखवटे कायम ठेवले. प्रयत्न प्रामाणिक खरा. पण दूरच्या पायरीवरून पाहण्यासाठी घडवलेला मुखवटा कॅमेरा जवळ आला की मुका होतो. पाझोलिनीचा १९६७ चा ईडिपस पाहताना डोळे दिपतात. रणरणत्या उन्हात ईडिपस बापाला मारतो, ते त्याने सविस्तर दाखवले आहे. सॉफोक्लीझने मात्र ती हत्या ईडिपसच्याच तोंडून वदवली आहे. राणी विचारते म्हणून तो बोलू लागतो, आणि बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांत अडकत जातो. प्रसंग डोळ्यांपुढे घडला की हे अडकणे हातचे जाते. मला सर्वांत जवळचा वाटतो तो कॅकोयानिस. त्याच्या १९६२ च्या 'इलेक्ट्रा'मध्ये वृंद म्हणजे उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या, काळी वस्त्रे ल्यालेल्या खेडवळ बायका. अशा बायका आमच्याकडे कोणत्याही मयताच्या अंगणात दिसतात.

रक्तपात प्रेक्षकांपुढे करू नये, हा ग्रीकांचा सर्वसाधारण रिवाज. आपल्या भरतमुनींचे मतही याहून फार वेगळे नाही. या संयमाचे मोल कळण्यासाठी अथेन्सला जाण्याची गरज नाही; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला यावे. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार सुरू होते. दंतकथा अशी की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली, आणि नदी ओलांडताना दोन्ही तीरांवरच्या धोंड्यांखाली दोघेही मेली. शोकांतिकेला याहून निराळे काय लागते? पण त्या दिवसाच्या ज्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरतात, त्यांत गोटा सुटतो, डोके फुटते, पुन्हा गोटा सुटतो. त्या दोघांच्या आयांचे काय झाले असेल, हे विचारणारा कोणीच नाही. ते विचारणे हेच वृंदाचे काम असते.

घरी पाहण्यातली खरी अडचण मात्र पडद्याच्या आकाराची नाही. अथेन्समध्ये वसंतातल्या उत्सवात सारे शहर एका उतारावर बसून एकाच माणसाचा नाश पाहत असे. आम्ही एकेकटे पाहतो, चहासाठी थांबवतो, कंटाळा आला की पुढे सरकवतो. ईडिपस राजा दीड-दोन तासांत संपतो. तेवढा वेळ घरातल्या थोरल्या-धाकट्यांनी एकत्र, न उठता बसावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. नाटकाच्या आरंभी शहरात साथ पसरली आहे आणि लोक राजाच्या दारात बसून उपाय मागत आहेत. २०२० नंतर ते दृश्य आमच्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

कोणी मराठीत हे पडद्यासाठी करील, तर पु. लं.ची भाषा घ्यावी, एखाद्या देवळाचा सभामंडप घ्यावा, आणि वृंद म्हणून गावचेच भजनी मंडळ बसवावे. मृदंग-टाळांचा खर्चही वाचेल! आणि आत राणीने गळफास घेतल्याची, राजाने स्वतःचे डोळे फोडल्याची बातमी घेऊन सेवक बाहेर येईल, तेव्हा कॅमेऱ्याने त्याच्या मागच्या दारातून आत शिरू नये. त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे, आणि ऐकणाऱ्या भजनी मंडळींच्या तोंडांकडे.