विटा पाडणाऱ्यांची नावे

चिखल तुडवायचा, त्यात वाळलेले गवत कालवायचे, लाकडी साच्यात दाबून वीट पाडायची आणि उन्हात वाळू द्यायची. भट्टी लागत नाही. आपल्याकडच्या या कच्च्या विटेला स्पॅनिश भाषेत 'अदोबे' म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. तो स्पेनमार्गे मेक्सिकोत आणि तिथून कॅलिफोर्नियात पोचला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण 60 किलोमीटरवर पेटालुमा गाव आहे. गावाबाहेरच्या एका चढावर अशाच विटांचा दुमजली वाडा उभा आहे. मूळचा तो चौसोपी होता, सुमारे 200 फूट लांब आणि 145 फूट रुंद. भिंती तीन-तीन फूट जाड, तुळया रेडवूडच्या. आज त्याचा जेमतेम अर्धा भाग उरला आहे आणि त्यात संग्रहालय आहे.

वाडा मारियानो ग्वादालुपे वायेहो यांचा. मेक्सिकोच्या अमलातल्या उत्तर कॅलिफोर्नियाचा हा सेनापती. 1834 मध्ये गव्हर्नर फिगेरोआ यांनी त्यांना पेटालुमाचा रँचो, म्हणजे गुरे पाळायची मोठी जमीन, इनाम दिला, 44,000 एकरांचा. पुढे भर पडून तो 66,000 एकरांवर गेला. 1836 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि दहा वर्षे चालूच राहिले. घरचे लोक बहुतेक काळ सोनोमा गावात राहत. पेटालुमाचा वाडा हे कामाचे ठिकाण होते. इथे गुरांची कातडी कमावली जाई, चरबी वितळवली जाई, मेणबत्त्या ओतल्या जात, सोनोमाच्या सैनिकांसाठी घोंगड्या विणल्या जात, गहू साठवला जाई. कातडी जहाजांवर चढून बोस्टनच्या चर्मकारखान्यांपर्यंत जात. त्या काळच्या कॅलिफोर्नियात कातडे हेच चलन होते.

हे सगळे काम करत होते तिथले मूळ रहिवासी: कोस्ट मिवोक, पोमो, वाप्पो, पट्विन. हंगामात त्यांची संख्या शेकड्यांनी असे. 'पेटालुमा' हे नावसुद्धा एका मिवोक वस्तीचे. ही माणसे रँचोवर आली कशी, हे नीट सांगायला हवे. सोनोमाचे मिशन 1823 मध्ये स्थापन झाले, कॅलिफोर्नियातल्या 21 मिशनांपैकी शेवटचे. 1833 मध्ये मेक्सिकोने मिशने चर्चच्या ताब्यातून काढायचा कायदा केला. पुढच्या वर्षी याच फिगेरोआ यांनी नियम काढला, की मिशनच्या मालमत्तेचा अर्धा वाटा तिथे राबलेल्या मूळ रहिवाशांना द्यावा. सोनोमा मिशनची व्यवस्था वायेहोंकडे आली. वर्ष एक, गव्हर्नर एक आणि कारभारीही एकच. रँचो उभा राहिला, वाटा मात्र राहून गेला. ज्यांना जमीन मिळायची होती ते त्याच जमिनीवर राबू लागले. कोणी करार करून आले, कोणी छाप्यात धरून आणले गेले, कोणी पोटासाठी आले. मोबदला म्हणजे अन्न, कपडा, मणी. मराठीत याला वेठ म्हणतात आणि तोच शब्द इथे वापरायला हवा. त्यात 1837 च्या सुमारास फोर्ट रॉस या किनाऱ्यावरच्या रशियन ठाण्याकडून देवीची साथ आली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या.

वायेहोंच्या दुर्दैवाची कथा संग्रहालयांना सोयीची असते, आणि ती खोटीही नाही. 14 जून 1846 रोजी अमेरिकी वसाहतवाल्यांनी सोनोमात अस्वलाचा झेंडा उभारला आणि त्यांना घरातून कैद करून सटरच्या किल्ल्यात नेले. दोन वर्षांनी, अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या तहात कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. 1851 च्या कायद्याने जुन्या इनामदारांवरच मालकी सिद्ध करायचा भार टाकला. हाताने काढलेले नकाशे आणि मोघम सीमा घेऊन ही मंडळी वर्षानुवर्षे कोर्टात उभी राहिली आणि वकिलांच्या फीपायी जमिनी गेल्या. सोस्कोलच्या दुसऱ्या रँचोवरचा वायेहोंचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. पेटालुमाचा वाडा त्यांनी 1857 मध्ये 25,000 डॉलरला विकून टाकला होता. हा अन्याय होता, असे मलाही वाटते. पण बहुतेक मिवोक आणि पोमो लोकांकडे तर दाखवायला कागदच नव्हता, कोणत्याही कोर्टाने त्यांना बोलावलेही नाही. उलट 1850 मध्ये नव्या राज्याने 'इंडियनांच्या संरक्षणाचा' म्हणून जो कायदा केला, त्याने त्यांना मालकांच्या हवाली करायची वाट मोकळी झाली.

नंतरच्या मालकांच्या हाताखाली वाडा ढासळत गेला. मातीच्या भिंतीचा जीव छपरात असतो. छप्पर गळले, पायाशी पाणी साचले, की भिंत पुन्हा चिखल होते. पेटालुमाचा जो अर्धा भाग वाचला, तो रुंद सज्जांमुळे आणि पुढे आलेल्या छपरामुळे. 1910 मध्ये 'नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट' या संघटनेने तो ताब्यात घेतला आणि डागडुजीला हात घातला. 1951 मध्ये तो राज्याकडे आला, 1970 मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरला. 2011 मध्ये राज्याने पैशांअभावी बंद करायच्या 70 उद्यानांच्या यादीत त्याचे नाव घातले, तेव्हा आसपासचे लोक पुढे आले. या सगळ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. तरी त्या संघटनेचे नाव मनात सलते. 'नेटिव्ह सन्स' म्हणजे भूमिपुत्र. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या गोऱ्यांनी स्वतःला भूमिपुत्र म्हणवले. ज्यांनी ती भूमी तुडवून विटा पाडल्या, त्यांना ते नाव कोणी दिले नाही.

त्यांचा माग लागतो तो जमिनीखाली. 1990 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ स्टीफन सिलिमन यांनी वाड्याजवळच्या ओढ्याकाठी, मजुरांच्या वस्तीच्या जागी उत्खनन केले. काचेचे मणी मिळाले, हाडे मिळाली, आणि ज्वालामुखी काचेची हत्यारे मिळाली. लोखंडी सुरी हाताशी असताना ही माणसे संध्याकाळी आपल्या वस्तीवर बसून दगडाची पाती काढत होती. दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीने राबलेला हात तेवढ्या वेळापुरता स्वतःचा होत असणार, असे मला त्या पात्यांबद्दल वाचताना वाटले.

आणि नावेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या मिशनांच्या बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या वह्या टिकल्या आहेत. हंटिंग्टन ग्रंथालयाने त्यांतल्या एक लाखाहून अधिक बाप्तिस्म्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या. पाद्र्यांनी दिलेले स्पॅनिश नाव, अनेकदा मूळ गावाचे नाव, कधी मूळचे नावही. सोनोमाच्या मिशनाशेजारी 1999 मध्ये एक दगडी स्मारक उभारले गेले. 1824 ते 1839 या काळात तिथे मेलेल्या आठशेहून अधिक मूळ रहिवाशांची नावे त्यावर कोरली आहेत, मृत्यूच्या वहीतून काढून.

पेटालुमाच्या वाड्यातही पहिल्या दालनात, सेनापतीच्या नावाआधी, अशी यादी लागली पाहिजे. रँचोवर राबलेले सगळे मिशनच्या वहीत सापडणार नाहीत, हे खरे. छाप्यात धरून आणलेल्याची नोंद कोण ठेवणार? मग सापडतील तेवढी नावे लावा आणि उरलेल्यांसाठी भिंत कोरी सोडा. कोस्ट मिवोक आणि दक्षिण पोमो यांचे वंशज आजही सोनोमा परिसरात आहेत. ग्रॅटन रँचेरियाचा त्यांचा संघ अमेरिकी सरकारने मोडीत काढला होता, त्याची मान्यता 2000 मध्ये परत मिळाली. यादी करायला त्यांनाच बसवावे.

बे एरियातली मराठी कुटुंबे सुट्टीला सोनोमाच्या द्राक्षमळ्यांकडे जातात. त्यांनी वाटेत इथे उतरावे. तिथल्या शाळांतली चौथीच्या वर्गाची मुले या वाड्यात रात्रभर मुक्काम करतात, जुन्या पद्धतीने स्वयंपाक करतात, मेणबत्त्या ओततात. त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात मिशनच्या वहीतले एक नाव द्यावे, गावासकट, आणि रात्री चौकात ते मोठ्याने वाचायला सांगावे.