सोमवारी लॅबमध्ये काय बदललं?

इनऑर्गॅनिक केमिस्ट्री म्हटलं की निम्म्या लोकांना किप्स अ‍ॅपरेटसचा सडक्या अंड्यांचा वास आठवतो आणि उरलेल्या निम्म्यांना पाठांतर. पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप, पांढरा साका, काळा साका... परीक्षा संपली की पाटी कोरी. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष संपल्यावर केमिस्ट्रीशी माझा संबंध उरला तो चहात साखर विरघळवण्यापुरता. पण माझी आत्तेबहीण तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला हाच विषय शिकवते. तिच्या विभागातले एक सर नुकतेच प्राध्यापकांसाठीच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता, इनऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवायची कशी.

कार्यक्रमपत्रिका तिने मला दाखवली. दीपप्रज्वलन, बीजभाषण, मग दोन दिवसांत सात व्याख्यानं, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. त्यातलं एक व्याख्यान 'विद्यार्थिकेंद्री अध्यापन' या विषयावर. दीड तास, स्लाइड्ससह! टेस्ट ट्यूबला हात लावायचा तास मात्र एकही नाही. म्हणजे पोहायला कसं शिकवावं हे हॉलमध्ये पंख्याखाली बसून ऐकण्यातला प्रकार.

यात आयोजकांची टिंगल करायचा हेतू नाही. पण शिक्षक जसा स्वतः शिकलेला असतो तसाच शिकवतो, आणि त्याला नुसतं ऐकवलं तर तोही वर्गात जाऊन ऐकवणारच. एवढी साधी गोष्ट लक्षात घ्यायला काय हरकत आहे?

उदाहरण घ्या. वर्नरचा सिद्धांत. आमच्या पुस्तकात आधी त्याची गृहीतकं यायची, १, २, ३ अशी. ती पाठ करायची आणि पेपरात उतरवायची. पण १८९३ साली आल्फ्रेड वर्नरपुढे काय होतं? कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियापासून बनलेली काही रंगीत संयुगं. सहा अमोनियावालं पिवळं, पाच अमोनियावालं जांभळं, चार अमोनियावालं हिरवं. क्लोरीन तिन्हींत तीन-तीनच. पण सिल्व्हर नायट्रेट घातलं की पहिल्यातले तिन्ही क्लोरीन पांढरा साका होऊन खाली बसतात, दुसऱ्यातले दोन आणि तिसऱ्यातला फक्त एक. बाकीचे गेले कुठे?

ते धातूला थेट चिकटून बसलेत, म्हणून हाताला लागत नाहीत. आणि अमोनिया अधिक हे चिकटलेले क्लोरीन मोजले की बेरीज दर वेळी सहाच येते! मग हे सहा जण धातूभोवती कसे बसले असतील? सपाट षटकोन धरला तर चार अमोनियावाल्या संयुगाचे तीन प्रकार मिळायला हवेत, अष्टफलक धरला तर दोनच. सापडले दोनच, एक हिरवा आणि एक जांभळट. क्ष-किरणांचा शोधसुद्धा १८९५ चा, म्हणजे आत डोकावून बघायची कुठलीच सोय नाही. नुसत्या इनपुट आणि आउटपुटवरून बंद डब्याच्या आतलं डिझाइन ओळखलं पठ्ठ्याने. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं. आम्ही पगार घेऊन जे डिबगिंग करतो ते याच्यापुढे काहीच नाही.

आता हेच उत्तर आधी सांगून टाकलं तर मुलांच्या हातात काय उरतं? पाच मार्कांचं टिपण.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसचंही तेच. तो चार्ट म्हणजे सरळ सरळ इफ-एल्स आहे. हायड्रोजन सल्फाइड तोच, पण आम्लात सोडला की तांबं खाली बसतं, जस्त बसत नाही. जस्तासाठी द्रावण अल्कधर्मी करावं लागतं. का? तर आम्लात सल्फाइड आयन फार थोडे सुटतात. तांब्याचं सल्फाइड इतकं अविद्राव्य की त्याला तेवढेही पुरतात, जस्ताला पुरत नाहीत. हे 'का' कळलं तर चार्ट पाठ करावा लागत नाही. नाही कळलं तर मुलं लॅब असिस्टंटला मस्का लावून सॉल्टचं नाव काढून घेतात. लबाडी आहेच, पण त्यांच्या दृष्टीने तो शहाणपणाही आहे :)

म्हणून मला वाटतं, कार्यशाळेत पहिल्या दिवशी सकाळी प्राध्यापकांसमोर लेबल नसलेल्या तीन बाटल्या ठेवाव्यात. सोबत सिल्व्हर नायट्रेट आणि कंडक्टिव्हिटी मीटर. दुपारपर्यंत आत काय आहे ते सांगा! चाचपडतील, वाद घालतील, मजाही येईल. मग संध्याकाळी बसून प्रत्येकाने आपल्या वर्गासाठी एक पाठ लिहावा आणि शेजारच्याने तो तपासावा. आमच्याकडे याला कोड रिव्ह्यू म्हणतात. अमेरिकेत इनऑर्गॅनिक शिकवणाऱ्यांचा 'आयॉनिक' नावाचा एक गट आहे. त्यांच्या कार्यशाळांत शिक्षक असं साहित्य स्वतः तयार करतात आणि ते इतरांना मोकळेपणाने वापरू देतात.

आपल्याकडे जाणकार नाहीत असंही नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतंय. २००१ साली आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. पण प्रमाणपत्र बढतीच्या फायलीत लागतं, आणि मग सगळं गणित त्या कागदाभोवती फिरू लागतं. अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची पुढे एचआरडीसी झाली, २०२३ मध्ये नाव मालवीय मिशन झालं. फाइलचं नाव बदललं म्हणून आतला कोड बदलत नसतो.

यावर माझी बहीण म्हणाली, "अरे, पेपरात 'गृहीतके लिहा' असंच येणार असेल तर कोण बाटल्या काढेल?" मुद्दा बरोबर आहे. प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय कार्यशाळेचा उपयोग अर्धाच. पण प्रश्नपत्रिका काढतात कोण? हेच प्राध्यापक ना?

तिच्या दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दोन दिवस कार्यशाळेला गेली तर तेवढे तास बुडाले, वर प्रवासखर्च आणि नोंदणी फी पदरची. बढतीच नाही, तर त्या कागदाचं ती करणार काय? आणि तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या बहुतेक बॅचेस घेतं कोण? तीच. म्हणजे ज्याच्यासमोर मुलं ब्युरेट धरून उभी असतात, त्यालाच कार्यशाळेचं दार बंद.

आयोजकांनी इतकं तरी करावं. दर कॉलेजातून एक जागा तासिकेवरच्या शिक्षकासाठी ठेवावी आणि त्याच्या बुडालेल्या तासांचे पैसे कार्यशाळेच्या खर्चात धरावेत. हार-तुरे आणि स्मृतिचिन्हं कमी केली तरी बरेच सुटतील.

आणि अहवालात किती लोक हजर होते हे लिहू नका. पुढच्या सोमवारी किती लॅबमध्ये काय बदललं ते लिहा. एका जरी लॅबमध्ये मुलांनी "बाकीचे क्लोरीन गेले कुठे?" असं विचारलं असेल, तर कार्यशाळा झाली म्हणायची.